टनभरची बादली

जाड माणसाला सल्ला द्यायला परवाना लागत नाही. टॅक्सीवाला देतो, औषधाच्या दुकानातला पोरगा देतो, आणि ज्याचं स्वतःचं पोट पट्ट्यावरून ओघळतंय तोसुद्धा देतो. चालत जा. रात्री जेवू नका. सकाळी उठल्यावर गरम पाणी प्या. माझा नवरा आजवर जितकं गरम पाणी प्यायलाय, तेवढ्यात आमच्या अख्ख्या इमारतीच्या आंघोळी झाल्या असत्या.

हे टॉवर क्रेन चालवतात. म्हणजे जी इमारत बांधायची असते तिच्याही वर, आकाशात टांगलेली कपाटाएवढी काचेची केबिन असते, तिच्यात बसतात. सकाळी शिडीने वर चढायचं आणि संध्याकाळी उतरायचं. मधला सगळा वेळ खुर्चीत. हातात दोन दांडे, पायांमध्ये काच, आणि काचेखाली मुंग्यांएवढी माणसं. त्या माणसांच्या डोक्यावरून हे लोखंडी सळ्यांचे भारे आणि काँक्रीटच्या बादल्या इकडून तिकडे नेतात. आमचं लग्न ठरलं तेव्हा हे इतके सडपातळ होते, की माझ्या आत्याने बैठकीतच विचारलं होतं, "एवढ्या उंचावर मुलगा वाऱ्याने उडणार तर नाही ना?"

ती काळजी मिटली. वर्षानुवर्षं एका खुर्चीत बसून माणूस जसा होतो तसे हे झाले, आणि साइटवर ह्यांचं नाव 'टनभर' पडलं. आडून नाही, तोंडावर. "टनभर, हुक सोड." "टनभर, जरा डावीकडे." हे हसून ओ देतात. मला राग येतो. मी बसमध्ये कंडक्टर आहे, दिवसभर आवाज चढवण्याचाच पगार घेते, त्यामुळे घरी आल्यावर तो उतरवायला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त राग नणंदेचा. ती येते, सोफ्यावर बसते आणि म्हणते, "वहिनी खाऊ घालते हो आमच्या दादाला." जणू मी रोज चमच्याने भरवते! मी दिवसपाळीला असते, माझा डबा वेगळा आणि ह्यांचा वेगळा. डब्यात काय असतं ते मला माहीत आहे, कारण तो मीच भरते. एवढ्या डब्यावर माणूस एवढा होत नाही, हे मी फॅमिली डॉक्टरांनाही सांगितलं होतं. त्यांनी चष्म्यावरून बघत म्हटलं, "सगळे असंच म्हणतात." वीस वर्षं त्या माणसाकडे जातोय आम्ही. वीस वर्षांत त्यांनी एकदा तरी विचारावं ना, की झोप कशी लागते, कामावर कसं वाटतं? नाही. "तोंडाला कुलूप लावा." संपली तपासणी.

मग एक दिवस सेफ्टी ऑफिसर नवे पट्टे घेऊन आला. उंचावर चढताना अंगाला बांधायचे ते. ह्यांच्या छातीवरचं बक्कल काही केल्या लागेना. सगळे डबे खात बसलेले, आणि हा गृहस्थ सगळ्यांदेखत पट्टा ओढत म्हणतो, "आता नवा पट्टा मागवू की नवा ऑपरेटर?"

हा प्रकार ह्यांनी मला संध्याकाळी सांगितला. मी खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडत होते, कारण त्यांना स्वतःला वाकवत नाही. डोक्यावरून आवाज आला, "लोक हसले गं." एवढंच. ह्या माणसाने कधी कुणाला उलट उत्तर दिलेलं नाही. बूट हातात घेऊनच मी म्हटलं, "ते पोटाचं ऑपरेशन करतात ना, ते करू. आता चर्चा नको."

इथल्या सरकारी दवाखान्यात त्या ऑपरेशनची रांग इतकी मोठी, की नंबर लागेपर्यंत ह्यांच्या निवृत्तीचा समारंभ उरकला असता, आणि इथल्या खाजगी दवाखान्यापेक्षा बाहेरचं स्वस्त पडत होतं. म्हणून परदेश. तिकडे न्यायला-आणायला, भरती करायला एक कंपनी होती, आणि कंपनीच्या वतीने बोलायला एक मुलगी. आवाज असा की कानात साखर विरघळावी. "तुम्ही फक्त या सर, बाकी आमच्यावर सोडा!" तिने पाठवलेल्या कार्यक्रमात पहिल्या दिवशी तपासण्या, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि पाचव्या दिवशी काय असेल? धबधबा आणि बाजार! पोटाला पाच भोकं पाडून घेतलेल्या माणसाला ही बया धबधबा दाखवणार होती. मी फोनवर सांगितलं, "बाई, आम्ही सहलीला येत नाही आहोत." ती म्हणाली, "तुमची इच्छा मॅम, ते ऐच्छिक आहे." काय तरी उपकार!

तिनेच फोनवर ह्यांना तब्येतीचे प्रश्न विचारले. मी कपडे वाळत घालत ऐकत होते. साखर? हो. रक्तदाब? हो. "आणि घोरणं, दिवसा झोप येणं, असं काही नाही ना सर?" उत्तर तिनेच प्रश्नात घालून दिलं होतं. हे म्हणाले, "नाही." मी वळून बघितलं. ह्यांच्या घोरण्याने वरच्या मजल्यावरची पोरं जागी होतात, आणि मधेच श्वास अडकून घोरणं थांबलं की मी. मी तोंड उघडलं तर ह्यांनी हाताने गप्प राहायची खूण केली आणि ती मुलगी पुढच्या प्रश्नावर पोचलीसुद्धा. नंतर म्हणाले, "घोरतात की सगळेच. त्यात काय सांगायचं?"

तयारी म्हणजे काय असते ते ज्याचं त्याला कळतं. विमानात पायात रक्त साकळू नये म्हणून घट्ट मोजे. सीटचा पट्टा पुरणार नाही म्हणून जोडपट्टा आधी मागून ठेवायचा. आणि परत आल्यावर टाके कोण बघणार, रक्त कोण तपासणार, जन्मभर घ्यायच्या गोळ्या कोण ठरवणार, हेही आधीच पक्कं करायचं. मी फॅमिली डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, "तिकडे जाऊन कापून घ्यायचं आणि इकडे निस्तरायला मी? जमणार नाही." मी म्हटलं, "बरं," आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. आलेल्या प्रत्येक पेशंटला सांगत राहिले की डॉक्टरसाहेब आम्हाला वाऱ्यावर सोडणार आहेत, तुम्ही तुमचं बघा. माझा आवाज बसच्या मागच्या सीटपर्यंत जातो, त्यांच्या केबिनचं दार त्यापुढे काय? थोड्याच वेळात आतून बोलावणं आलं. बघतो म्हणाले.

शेवटची तयारी खाण्याची. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ. पावडर कालवलेलं दूध, गाळलेलं सूप, पाणी. वजन थोडं उतरतं हा भाग वेगळा, पण खरं कारण म्हणजे चरबीने फुगलेलं यकृत लहान व्हावं लागतं. ते पोटावर आडवं पसरलेलं असलं तर डॉक्टरांना पुढचं काही दिसत नाही. मग ते पोट उघडतात आणि तसंच शिवून घरी पाठवतात. हे मी ह्यांना समोर बसवून समजावलं. हे म्हणाले, "कळलं." सकाळी दोन बाटल्या भरून दिल्या. संध्याकाळी दोन्ही रिकाम्या परत.

आठवड्याने काट्यावर उभं केलं. काटा तसूभर उतरला नव्हता. उलट किंचित वर होता.

दोन बाटल्या दुधावर वजन वाढवून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मी विचारलं, "बाहेर काय खाता?" हे टीव्हीकडे बघत राहिले. "अहो, काय खाता?" तर म्हणे, "बादली येते." 

बादलीचं मला माहीत होतं. वरचा माणूस जेवायला खाली येऊ शकत नाही, उतरण्या-चढण्यातच सुट्टी संपते. म्हणून केबिनमधून दोरी सोडतात आणि खालची माणसं बादलीत खायला-प्यायला ठेवतात. त्यांचा एक नेम आहे, बादली रिकामी वर जाऊ द्यायची नाही. ज्याच्या हाताखाली आपलं डोकं, त्याला उपाशी ठेवायचं नाही. ऐकायला छान आहे. पण ऑपरेशनला आठवडा उरला असताना? टनभर म्हणून हसायचं तुम्ही, आणि टनाचा दीड टन करायचा तोही तुम्हीच? मी दुसऱ्या दिवशी पाळी बदलून घेतली आणि तडक साइटवर गेले.

फाटकावरच्या माणसाने हेल्मेट दिलं, ते माझ्या अंबाड्यावर तरंगत होतं. आत क्रेनच्या पायथ्याशी शिट्टीमामा उभे होते. मामा म्हणजे खालून इशारे देणारे. वरून ह्यांना जमीन नीट दिसत नाही, मामा वॉकीटॉकीवर सांगतील तसं हे भार नेतात. बरोबर काम करून दोघांचे केस पिकले. गळ्यात सदैव एक पितळी शिट्टी. भार हलला की वाजवायची, म्हणजे खालचे बाजूला होतात. त्यांच्या पायाशी ती बादली होती, आणि बादलीत चहाचा थर्मास, बिस्किटांचे पुडे, केळी आणि कुणाच्या तरी डब्यातला तळलेला काहीतरी प्रकार.

मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. म्हटलं, "मामा, ही बादली कितव्यांदा चाललीय आज?"

"या वहिनी, या. सकाळपासून दोनदा गेली. ही तिसरी."

"माणूस आहे का चक्की आहे? त्यांचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात! पोटाचं! फक्त दूध चालतं त्यांना. तुम्ही खाऊ घालून मारणार आहात का त्यांना?"

आजूबाजूला सळ्या वाकवणारे थांबले. मामांचा चेहरा उतरला. "ऑपरेशन? तो तर म्हणाला, मेव्हण्याकडे परदेशी चाललोय."

परदेशात ह्यांना मेव्हणाच नाही. म्हणजे मला भाऊ नाही, नणंदेचा नवरा इथेच असतो, आणि परदेशात तर आमचं कुत्रंसुद्धा नाही. लाजेपायी ह्या माणसाने अख्खा मेव्हणा तयार केला होता. "मग ऐका," मी म्हटलं, "आजपासून बादली बंद."

मामा जागचे हलले नाहीत. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "बंद नाही करता येणार वहिनी."

"का?"

"बादली गेली नाही तर तो झोपतो."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मामांनी मला बाजूला नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. गेली दीड-दोन वर्षं हे चाललं होतं. वर ह्यांचा डोळा लागतो. एकदा सळ्यांचा भारा हवेत लटकलेला आणि वरून काही उत्तरच येईना. मामांनी वॉकीटॉकीला तोंड लावून शिट्टी फुंकली, तेव्हा हे दचकून जागे झाले. त्या दिवसापासून मामा दर थोड्या वेळाने विनाकारण शिट्टी वाजवतात. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की ह्यांच्या तोंडात सतत काहीतरी असलं पाहिजे. "खाणारा माणूस झोपत नाही ना, वहिनी," मामा म्हणाले. "म्हणून पाळी लावलीय. ज्याच्या डब्यात जे असेल ते."

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! जितकं खायला घातलं तितके हे सुटले, जितके सुटले तितका रात्री श्वास अडकला, जितका अडकला तितकी दिवसा डुलकी, आणि डुलकी लागली की पुन्हा बादली वर. प्रेमाने, पाळी लावून, सगळ्यांनी मिळून. मला त्या माणसांच्या मुस्कटात द्यावीशी वाटली आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. पण ओरडले. असं ओरडले की वरच्या मजल्यावरचे गवंडी कठड्याला येऊन बघायला लागले.

"तुम्ही खाली उभे राहता ना त्या भाराच्या? तुमच्या घरी बायका-पोरं नाहीत? एकाने तरी तोंड उघडायचं! साहेबाला नाही सांगितलं, मला तरी सांगायचं!"

"साहेबाला सांगितलं असतं तर त्याला काढला असता," मामा म्हणाले. "मग कोण सांगणार? सांगितलं नाही कुणी."

अळीमिळी गुपचिळी. इतकी माणसं आपली डोकी लटकत्या लोखंडाखाली घालून गप्प राहिली, आणि ज्याने पट्ट्याचं बक्कल ओढून सगळ्यांना हसवलं, त्या सेफ्टी ऑफिसरला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. कंबर मोजायला आला होता तो. झोप कोण मोजणार?

आणि मग मला ती मुलगी आठवली. "असं काही नाही ना सर?" आणि ह्यांचं "नाही."  जो माणूस बसल्या जागी झोपेत श्वास घ्यायचा विसरतो, त्याला परक्या देशात भूल देणार होते, आणि भूल देणाऱ्याला ते माहीतच नव्हतं.

मी मामांना म्हटलं, "त्यांना खाली बोलवा."

मामांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "टनभर, हुक रिकामा करून वर घे. वहिनी आल्यात. खाली ये." बराच वेळ खरखर, मग आवाज, "आलो." शिडीवर मधेमधे टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्यावर हे थांबत होते. खालून मला फक्त बुटांचे तळवे दिसत होते. सकाळी मीच बांधलेले बूट.

हे खाली येईपर्यंत मी त्या मुलीला फोन लावला. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचंय, आत्ता. ती म्हणाली, "मॅम, असा प्रोटोकॉल नाही." मी म्हटलं, "मग माझा प्रोटोकॉल ऐका. आम्ही येत नाही, आणि का येत नाही ते मी भेटेल त्याला सांगत सुटेन." जरा वेळाने फोन आला. पत्र्याच्या स्टोअरमध्ये, सिमेंटच्या गोण्यांवर आम्ही तिघं बसलो. मी, हे आणि मामा. फोनच्या पडद्यावर एक वयस्कर डॉक्टरबाई, हिरवी टोपी घातलेली. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, म्हणून मधे तीच मुलगी.

डॉक्टरबाई बरंच काही बोलल्या. मुलगी म्हणाली, "मॅडम विचारतायत, झोपेचा काही त्रास नाही ना?"

"त्या एवढंच बोलल्या नाहीत," मी म्हटलं. "तुमच्या पदरचं घालू नका. त्यांनी विचारलं ते शब्द सांगा."

 मग साखर नसलेला आवाज आला. "दिवसा, बसल्या जागी, काम करताना झोप लागते का? कधी लागली आहे का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. मान छातीवर गेलेली, डोळे मिटलेले. लाजेने मिटलेत की खरंच डोळा लागलाय, तेही मला कळेना. मी उत्तर देणार होते. शब्द जिभेवर होता. पण मी दिलेलं उत्तर हे दुसऱ्या फोनवर पुसून टाकतील, हेही मला माहीत होतं. डॉक्टरबाई वाट बघत होत्या.

मामांनी शिट्टी तोंडात घातली आणि एक आखूड फुंकर मारली. पत्र्याच्या खोलीत ती कानठळ्या बसवणारी वाजली.

ह्यांनी डोकं वर केलं. मामांकडे बघितलं. त्या एका नजरेत ह्यांना कळलं असावं की दोन वर्षं वाजणाऱ्या शिट्ट्या कशासाठी होत्या. "हो," हे म्हणाले. "लागते. रोज लागते. भार हवेत असताना लागलीय. खाली माणसं असताना." आणि माझा नवरा, कुणाला कधी उलट न बोललेला माणूस, तोंडावर हात घेऊन रडला. मामा त्यांच्या पाठीवर थापट्या मारत म्हणत होते, "अरे झालं, झालं ना आता."

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. हे न सांगता भूल घेतली असती तर नंतर श्वास परत येईलच अशी खात्री मी दिली नसती. आधी झोपेची तपासणी, मग रात्री नाकाला लावायचं श्वासाचं मशीन, तेच मशीन बरोबर घेऊन या, आणि तोवर उंचावरचं काम बंद. ऑपरेशनची तारीख पुढे गेली. मुलगी मला म्हणाली, "मॅम, हे आधी सांगायला हवं होतं." मी तिला काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

साहेबांना हे स्वतः जाऊन सांगून आले. मी दाराबाहेर उभी होते, गरज पडली असती तर आत गेले असते. ह्यांना काढलं नाही, हत्यारांच्या स्टोअरवर बसवलं. 'काढतील' ह्या भीतीने दोन वर्षं इतकी माणसं मरणाखाली उभी राहिली, आणि काढलंच नाही! ह्याचा राग मी कुणावर काढू? नणंदेचा फोन आला, "ऐकलं ऑपरेशन रद्द झालं? मी म्हटलंच होतं, तोंड बंद ठेवलं की फुकटात होतं." मी म्हटलं, "ताई, तोंड बंद ठेवून ठेवूनच हे झालंय," आणि फोन ठेवला.

मशीन लागल्यापासून काही आठवड्यांनी एका सकाळी हे खुर्चीत बसून अख्खा कप चहा जागेपणी प्यायले. बिनसाखरेचा. मी दारातून बघत राहिले. कप संपला तरी मान पडली नाही. बाटल्यांचे दोन आठवडेही नीट पार पडले, कारण स्टोअरवर बादली येत नाही.

काल मामा घरी आले होते. उद्या आम्ही निघतो. हातात काही खायचं नव्हतं, ह्याचाच त्यांना मोठा संकोच वाटत असावा, कारण बराच वेळ उंबऱ्यातच उभे होते. मग गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"ऑपरेशननंतर हाक मारून उठला नाही तर वाजवा," म्हणाले. "हिला उठतो तो."

"मामा, परदेशातल्या दवाखान्यात मी शिट्टी वाजवत बसू?"

"एकच वाजवा. आखूड."

बॅग भरून झालीय. मोजे आहेत, जोडपट्टा आहे, मशीन आहे, डॉक्टरांची कागदपत्रं आहेत. शिट्टी बॅगेत ठेवली नाही, पर्समध्ये वरच्या कप्प्यात ठेवलीय, हात घातला की लागेल अशी. आणि गरज पडली तर मी ती वाजवणार आहे. आखूड नाही, चांगली लांब.